मसाई मारात जाताय? लेन्सच्या आधी गाडीचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टच्या शेवटी तुम्ही दोघं केनियाला निघालात, जास्त मुक्काम मसाई मारा अभयारण्यात आणि वाटेत नैवाशा तळं. ताडोबा-पेंचला फोटो काढायचा सराव आहे, हातात क्रॉप सेन्सरची (छोट्या सेन्सरची, लेन्सचा आवाका दीडपट करणारी) कॅमेरा बॉडी आणि १००-४०० एमएमची झूम लेन्स आहे. ६०० एमएम एफ/४ ही मोठी लेन्स भाड्याने घ्यावी का, पक्षी आणि प्राणी दोन्ही कसे साधायचे, सेटिंग काय ठेवायचं, आणि बायकोला फोटोग्राफीत रस नाही तर ती कंटाळेल का, हेही विचारलंय.

लेन्सचं आधी सांगून टाकतो: ६०० घेऊ नका. तीन किलोची ती नळी, सोबत तिची बॅग, शिवाय मारात छोट्या विमानाने जाणार असाल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावर माणशी एकूण १५ किलोची मर्यादा, तीही मऊ बॅगेत. तुमच्या बॉडीवर ४०० एमएम म्हणजे ६०० एमएमएवढा आवाका झालाच. मारातला सिंह पंधरा-वीस मीटरवर असतो आणि तिथे ४०० मध्ये त्याचं फक्त तोंड मावतं. भाड्याचे पैसे दोन गोष्टींवर घाला. एक, गाडी फक्त तुमच्यासाठी घ्या. दोन, जमलं तर मुक्काम एका रात्रीने वाढवा. एवढं करूनही पैसे उरले तर लेन्सऐवजी दुसरी बॉडी भाड्याने घ्या. ती का, ते पुढे येईलच.

गाडीवर एवढा जोर देतोय कारण आफ्रिकेत फोटो कसा येणार हे ठरतं गाडी कुठे, कशी आणि किती वेळ उभी राहिली यावर. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये सहा-सात जण एका गाडीत असतात. खाण्यापिण्याची चंगळ असते, माणसं छान असतात, पण गाडीत यादी चालू असते: सिंह झाला, हत्ती झाला, बिबट्या राहिला, चला पुढे. त्यांचंही चुकत नाही, त्यांनी पैसे भरलेत बिग फाइव्हसाठी, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. एका वीतभर निळ्या पक्ष्यापुढे अर्धा तास थांबायला ते का तयार होतील? आणि पक्ष्यांचे फोटो मिळतात ते त्याच अर्ध्या तासात. पूर्ण गाडीचा खर्च जड वाटत असेल तर फोटो काढणारं दुसरं एखादं जोडपं शोधा आणि चौघांत वाटून घ्या. मधल्या ओळी रिकाम्या हव्यात, म्हणजे डावीकडून उजवीकडे सरकता येतं. प्राणी कुठल्या बाजूला येईल हे आपल्या हातात नसतं.

छत वर उचललं जाणारी लँड क्रूझर मिळाली तर उत्तम. व्हॅनही चालते, पण चिखलात तिचं काही खरं नाही. बुकिंग करताना खिडक्या पूर्ण उघडतात का, हे मात्र नक्की विचारा. याचं कारण असं. छत उघडलं की सगळे उभे राहतात, वारा लागतो, मजा येते, आणि सगळे फोटो वरून खाली बघत काढलेले येतात. छतातून कॅमेरा साधारण अडीच मीटर उंचीवर असतो, बसलेल्या सिंहिणीचा डोळा त्याच्या खूप खाली. ती दहा मीटरवर असेल तर तुम्ही तिच्याकडे जवळजवळ दहा अंशांनी खाली बघताय. पाठीमागे आकाश नाही, डोंगर नाही, नुसतं गवत. तीच सिंहीण चाळीस मीटरवर असेल तर कोन उतरतो अडीच अंशांवर. नजर तिच्या नजरेच्या पातळीला येते, मागचं गवत दूर जातं आणि धूसर होतं. म्हणजे लांबून काढलेला फोटो जवळून काढलेल्यापेक्षा चांगला येतो. ड्रायव्हर मात्र सवयीने जवळच नेणार, कारण त्याच्या बहुतेक पाहुण्यांच्या हातात मोबाइल असतो. त्याला आधीच सांगा की तीस-चाळीस मीटरवर थांबव, आणि तुम्ही खाली बसून खिडकीतून काढा. उडणारे पक्षी, नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (गायीएवढ्या हरणांचे) कळप, मोठा देखावा, यांच्यासाठी छत आहेच.

खिडकीवर आणि छताच्या कडेला टेकवायला बीन बॅग न्या. इथून रिकामी न्यायची आणि तिथे गेल्यावर कॅम्पच्या स्वयंपाकघरातून दोन किलो तांदूळ किंवा राजमा मागून भरायची. ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत तो उघडतच नाही. इंजिन बंद करायला प्रत्येक वेळी सांगा. स्वाहिलीत ‘झिमा इंजिनी’ म्हटलं की ड्रायव्हर हसतो आणि चावी फिरवतो. इंजिन बंद झाल्यावरही गाडीतलं एक माणूस डबा काढायला वाकलं तरी ४०० एमएममध्ये सिंह हलतो, तेव्हा महत्त्वाच्या क्षणी सगळ्यांनी गप्प बसायचं असं आधीच ठरवून घ्या.

आता ड्रायव्हर. खरं तर त्याला ड्रायव्हर म्हणणं अन्यायच आहे, तो गाइड असतो. केनियात सफारी गाइडांची व्यावसायिक संघटना परीक्षा घेते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी देते. एजंटला सरळ विचारा की आमचा गाइड कुठल्या श्रेणीचा. सिल्व्हरवाला असेल तर पक्ष्यांच्या बाबतीत तो तुम्हाला शिकवेल. पहिल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर चहा घ्या आणि मोबाइलवर तुमचे चार-पाच आवडते फोटो दाखवा. कसला फोटो हवा आहे हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेलं लवकर कळतं. सूर्य पाठीशी हवा की समोर, हे रोज सकाळी बोलून घ्या. बक्षिसीचा विषयही तेव्हाच मनात पक्का करा: ती शांतपणे थांबण्यासाठी, रस्ता सोडून गाडी घालण्यासाठी नाही. मारा राष्ट्रीय अभयारण्यात रस्ता सोडायला बंदी आहे, आणि पैशाच्या आशेने नियम मोडले जातात त्यात पाहुण्यांचाच हात असतो. आजूबाजूच्या खासगी कॉन्झर्व्हन्सींमध्ये (राखीव क्षेत्रांमध्ये), उदाहरणार्थ मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, त्यांच्या नियमांत राहून रस्ता सोडता येतो आणि गाड्याही मोजक्या असतात. पण नदी ओलांडणारे कळप तुम्हाला मुख्य अभयारण्यातच बघायचे आहेत. जमलं तर मुक्काम दोन्हीकडे विभागा.

ताडोब्याच्या सवयी इथे थोड्या बाजूला ठेवाव्या लागतील. तिथे आपण पगमार्क बघतो, सांबराचा कॉल ऐकतो, पाणवठ्यावर थांबतो, आणि वाघ दिसला तर तीस सेकंदांत बांबूत नाहीसा. इथे प्राणी किलोमीटरभरावरून दिसतो. शोधण्यापेक्षा तो पुढे कुठे जाईल हे ओळखणं महत्त्वाचं. रेडिओवर सतत स्वाहिलीत गप्पा चालू असतात. ‘चुई’ म्हणजे बिबट्या, ‘डुमा’ म्हणजे चित्ता, ‘सिंबा’ तर लहान मुलांनाही माहीत आहे. ‘चुई’ ऐकू आलं की चारी बाजूंनी धुरळा उडतो. एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या असा नियम आहे, बाकीच्यांनी लांब रांगेत थांबायचं. माझं मत विचाराल तर तुमच्यापुढे काही चांगलं चालू असेल तर त्या धुरळ्यामागे जाऊ नका. रांगेत चाळीस मिनिटं काढून झाडाच्या फांदीवरून लोंबणारी शेपूट बघण्यापेक्षा समोरचा चित्ता बरा.

चित्त्याचंच बघा. तो वारुळावर चढून बसला की सगळ्या गाड्या चार फोटो काढतात आणि जातात. तुम्ही त्याचं पोट बघा. पोट टम्म फुगलेलं असेल तर तो सावली बघून झोपणार, निघा. पोट आत ओढलेलं असेल, आणि तो एकाच दिशेला, थॉमसन गझेलच्या कळपाकडे, बराच वेळ मान न हलवता बघत असेल, तर त्या दिवसाचे बाकीचे बेत रद्द करा. तो उतरला की त्याच्या मागे गाडी घालायची नाही, त्याच्या आणि हरणांच्या मध्ये तर अजिबातच नाही. शिकार हुकली तर पिल्लांवाली मादी उपाशी राहते. रस्त्यानेच लांबचा वळसा घेऊन हरणांच्या बाजूला, सूर्य पाठीशी घेऊन थांबा. तो धावला तर आला तुमच्याकडे. नाही धावला तर नाही, पण मागून पळणाऱ्या गाडीतून शेपटाशिवाय काहीच मिळत नसतं.

उजेडाचा हिशेब वेगळा आहे. मारा विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला. सूर्य तिरका रेंगाळत नाही, सरळ वर चढतो. ऑगस्टमध्ये साडेसहा-पावणेसातला उगवतो आणि नऊ वाजेपर्यंत उजेड कडक होतो. अभयारण्याची दारं सहाला उघडतात, तेव्हा दाराच्या बाहेर लांब राहिलात तर पहिला सोनेरी अर्धा तास रस्त्यातच गेला. न्याहारी डब्यात बांधून घ्या आणि गाडीतच खा. २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे, आणि एवढे भरून लोक आठ वाजता ऑम्लेट खायला लॉजवर परततात! आणखी एक, मारा दीड हजार मीटरहून उंच आहे. आफ्रिका म्हणून नुसते टी-शर्ट नेले तर सकाळी छतातून उभं राहिल्यावर दात वाजतील. थंडीने हात थरथरला की शटर स्पीडही काही करू शकत नाही.

दहानंतर वेगळंच संकट येतं. जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. तेव्हा लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, पिसं पुसल्यासारखी येतात, डोळ्याभोवतीचं सगळं विरघळतं. लोक परत येऊन लेन्स खराब आहे म्हणून तक्रार करतात. सॉफ्टवेअरने हे दुरुस्त होत नाही. वर चाळीस मीटरवर थांबा म्हणालो ते सकाळ-संध्याकाळचं, दुपारी जवळचंच काढा किंवा झोपा. तापलेल्या बॉनेटवरून लेन्स रोखू नका, तिथली हवा तर सकाळीही थरथरते. दुपारी ढग आले तर मात्र बाहेर पडा. ऑगस्टमध्ये दुपारनंतर मारात ढगांची गर्दी होते, कधी वळीव कोसळतो, आणि काळ्या आभाळापुढे उन्हात उभा असलेला जिराफ हा देखावा दुसरीकडे सहसा मिळत नाही.

सेटिंगची फार चिंता करू नका. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ (अधिक) किंवा गडद (वजा) करायची सोय, अंगठ्याखाली. शटर आणि अॅपर्चर तुम्ही ठरवायचं, आयएसओ कॅमेऱ्याने. पहाटे ६४०० गेला तरी घाबरायचं नाही, आजकालची नॉइज काढणारी सॉफ्टवेअर तो सहज आवरतात, हललेला फोटो मात्र कुणी आवरत नाही. कॅमेऱ्यावर सी१, सी२, सी३ (आपली सेटिंग साठवायच्या जागा) असतील तर घरीच भरून ठेवा: सी१ ला बसलेल्या प्राण्यासाठी १/८००, सी२ ला उडणाऱ्या पक्ष्यासाठी आणि धावपळीसाठी १/३२००, सी३ ला पॅनिंगसाठी, म्हणजे पळणाऱ्या प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवत काढण्यासाठी, १/४०. सिंह झोपलेला असतानाही मी शटर फार खाली नेत नाही, कारण तो जांभई देताना सांगून देत नाही. दोन सिंह एकापुढे एक असतील तर एफ/८, नाहीतर लेन्स पूर्ण उघडी.

कॉम्पेन्सेशन मात्र डोळ्यात तेल घालून बघा. आभाळापुढचा गरुड अधिक दीडपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर नुसती काळी आकृती येते. उन्हातला बगळा वजा पाऊण, नाहीतर पिसांचा चुना होतो. संध्याकाळी सूर्य समोर घेऊन सिंहाच्या आयाळीची सोनेरी कड हवी असेल तर वजा दीड, आणि मागे गडद झाडी येईल अशी गाडी लावायची. फोकसची तक्रार बहुतेक गवतामुळे येते. डोळा ओळखणारा फोकस उघड्यावर जादू करतो, पण गवताच्या काड्या पुढे आल्या की भरकटतो. तेव्हा एका बटणावर छोटा सिंगल पॉइंट (एकाच ठिपक्यावर फोकस) नेमून ठेवा.

आता पक्षी, आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑगस्ट हा कळपांचा महिना आहे, पक्ष्यांचा नव्हे. केनियात ११०० च्या वर पक्षिजाती नोंदल्या आहेत, पण युरोप-आशियातून येणारे पाहुणे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल तिथे असतात. आपल्याकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणारा काश्मिरी नीलपंख किंवा नागालँडवरून येऊन महाराष्ट्रावरून पुढे समुद्र ओलांडणारा अमूर ससाणा तिकडे तुमच्या नंतर पोचणार. चातकाचं तर उलटंच, तुम्ही तिकडे असताना त्यातले कित्येक इकडे पावसात आपल्या अंगणात ओरडत असतात. फक्त पक्ष्यांसाठी पुन्हा जायचं झालं तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बघा, गर्दीही कमी, आणि फेब्रुवारीत माराचं शुल्कही निम्मं (जानेवारी ते जून). तरीही ऑगस्टमध्ये जे स्थानिक पक्षी आहेत तेच इतके निर्धास्त असतात की भिगवणला बोटीतून रांगत जाऊन काढणाऱ्याला विश्वास बसू नये.

लायलॅक ब्रेस्टेड रोलर, आपल्या नीलपंखाचा भाऊबंद, तुम्हाला रोज दिसेल. छातीवर जांभळा, पोटाला आकाशी, आणि पंख उघडले की दोन वेगवेगळे निळे. बसलेला फोटो पहिल्याच दिवशी मिळेल. खरा फोटो उडतानाचा, आणि तो नशिबाने मिळत नाही, मिळवावा लागतो. हा पक्षी झुडपाच्या शेंड्यावर किंवा रस्त्याकडेच्या काटकीवर बसतो, खाली किडा दिसला की झेपावतो आणि बऱ्याचदा त्याच काटकीवर परततो. म्हणून घाई नाही. आधी वारा कुठून येतोय ते बघा. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडतो, तेव्हा वारा तुमच्या पाठीकडून किंवा बाजूने हवा, नाहीतर शेपूटच मिळेल. सूर्यही पाठीशी हवा. दोन्ही जुळत नसतील तर तो पक्षी सोडा, पुढच्या वळणावर दुसरा आहे. जुळले तर गाडी दोन हात पुढेमागे घ्यायला लावा, मागचं झुडूप फ्रेममधून जाऊन लांबचं पिवळं गवत येईपर्यंत. ‘किडोगो म्बेले’, थोडं पुढे. मग खाली बसा, खिडकीवर बीन बॅग, सी२, आणि झूम थोडा मागे घ्या. पक्षी फ्रेमच्या एक तृतीयांशात मावला पाहिजे, कारण पंख उघडल्यावर तो दुप्पट होतो. हा मोह आवरणं सगळ्यात अवघड, बसलेला असताना तो फ्रेमभर छान दिसत असतो. मग फक्त त्याच्याकडे बघत राहा. तो मान खाली घालून जमिनीकडे रोखून बघतो, शेपूट एकदोनदा हलते, अंग पुढे झुकतं, आणि पुष्कळदा आधी शिटतो. शिटला की बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यात प्रीकॅप्चर असेल, म्हणजे बटण दाबायच्या अर्धा सेकंद आधीपासूनच्या फ्रेम साठवणारी सोय, तर ती इथेच वापरायची.

सेक्रेटरी बर्ड, म्हणजे सापाला लाथेने मारणारा लांब पायांचा शिकारी पक्षी, गवतात चालताना दिसला तर त्याच्या मागे जाऊ नका. तो न थांबता चालत राहतो, रस्ता पुढे कुठे त्याला छेदतो ते गाइडला विचारा आणि तिथे जाऊन थांबा. त्याच्या लाथेची झलक मिळाली तर नशीब. शास्त्रज्ञांनी मोजलंय, लाथ सापाला टेकते ती जेमतेम १५ मिलिसेकंद. तुमचा कॅमेरा सेकंदाला वीस फ्रेम काढत असला तरी दोन फ्रेमच्या मध्ये ५० मिलिसेकंद जातात. म्हणजे लाथ दोन फ्रेमच्या फटीतून निसटण्याचीच शक्यता जास्त. पाय उचललेला, मानेमागची पिसं फिसकारलेली, असा क्षण धरा, तोच बोलका असतो.

रानरेड्याच्या पाठीवर किंवा जिराफाच्या मानेवर बसणारे ऑक्सपेकर पक्षी टिपताना फोकसमध्ये विषय ‘पक्षी’ निवडा, नाहीतर कॅमेरा इमानेइतबारे रेड्याचा डोळा धरतो. गिधाडांचं म्हणाल तर मेलेल्या जनावरावरची झोंबाझोंबी सगळेच काढतात आणि त्यात माना आणि रक्ताच्या गिचमिडीशिवाय फारसं काही दिसत नाही. त्यापेक्षा उतरणारी गिधाडं काढा. ती वाऱ्याला तोंड देऊन, पाय खाली सोडून, पंखांची सगळी पिसं पसरून येतात, आणि एकामागून एक त्याच वाटेने येतात, त्यामुळे पहिली दोन चुकली तरी चालतं. मात्र हवा तापून वर चढायला लागल्याशिवाय ती लांबवर फिरत नाहीत, म्हणून सकाळी सातला त्यांची वाट बघू नका. उघड्या डोक्याचं, मोठं थोरलं लॅपेट फेस्ड गिधाड आलं की बाकीची बाजूला सरतात, तो क्षण बघण्यासारखा.

नैवाशाला बोट घ्याल. बोटीतून कॅमेरा पाण्याच्या जवळ येतो, म्हणून तिथे कवड्या धीवर (काळा-पांढरा खंड्या), करकोचे, पाणकावळे सगळेच सुंदर येतात. कवड्या धीवर तर आपल्याकडचाच, पण तिथे तो बोटीच्या दोरीवर येऊन बसतो. नावाडी तुम्हाला विचारेल, फिश ईगल हवा का? मग तो मासा घेतो, बुडू नये म्हणून त्याच्यात पपायरसचा हलका तुकडा खुपसतो, शीळ घालतो आणि मासा फेकतो. गरुड झाडावरून सरळ येतो, पाणी उडतं, माशासकट वर. फोटो हमखास मिळतो, आणि हजारो लोकांकडे अगदी तोच आहे. मी हे करून घेत नाही. रानटी पक्ष्याला शिट्टीवर नाचवणं मला पटत नाही. तुम्ही घेतलात तर निदान फोटो टाकताना मासा फेकलेला होता हे लिहा. पाणघोड्यांच्या कळपाजवळ बोट न्यायला मात्र अजिबात सांगू नका.

जाता जाता, तुमच्या एजंटने ‘नाकुरूचे फ्लेमिंगो’ म्हणून जास्तीचा मुक्काम सुचवला तर नीट विचार करा. तिथल्या तळ्याचं पाणी गेल्या दशकभरात फार वाढलं, खारेपणा कमी झाला आणि रोहित, म्हणजे हेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने बोगोरिया तळ्याकडे गेले. नाकुरू गेंड्यांसाठी उत्तम आहे, रोहितांसाठी बोगोरियाच बघा.

कळपांनी नदी ओलांडण्याबद्दल. साधारण जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट सेरेंगेटीतून मारात असतात आणि मारा नदी इकडून तिकडे, तिकडून इकडे ओलांडत राहतात. ते केव्हा उतरतील हे खुद्द त्यांनाही माहीत नसतं. हजार जनावरं काठावर येतात, तासभर उभी राहतात, एक झेब्रा बिचकतो आणि सगळी मागे फिरतात. गाड्यांनी काठापासून लांब थांबून पहिली जनावरं पाण्यात पडल्यावरच पुढे जायचं असतं. आधीच काठ अडवणाऱ्या गाड्यांमुळेच कळप परततात, तेव्हा तुमच्या गाइडने घाई केली नाही तर त्याच्यावर चिडू नका. धांदल सुरू झाली की सगळ्यांचं पहिलं बोट झूमकडे जातं. उलट करा. आधी १०० एमएमवर पूर्ण काठ, धूळ, रांग घ्या, कारण इथे विषय एक प्राणी नसून गर्दी आहे. मग काठावरची एकच उडी मारायची जागा हेरा, तिथे फोकस धरून ठेवा, १/२०००, आणि एकामागून एक हवेत झेपावणारी जनावरं घ्या. तिसऱ्या टप्प्यावर सी३ लावून पॅनिंग करा. शेकड्यातली दोन-तीन निघतील, पण ती वेगळी असतील. ओलांडणं बऱ्याचदा भर दुपारी होतं, उजेड वाईट असतो. धूळ सूर्याच्या बाजूने बघता येईल असा काठ मिळाला तर तोच वाईट उजेड कामी येतो.

याच धुळीसाठी दुसरी बॉडी म्हणालो. एकीवर १००-४००, दुसरीवर २४-७० किंवा ७०-२००, आणि दिवसभर लेन्स बदलायचीच नाही. कॅमेरा झाकायला आपण प्लॅस्टिकची पिशवी नेतो, ती नेऊ नका. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर कडक बंदी आहे, २०२० पासून अभयारण्यांत पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. उशीचा जुना अभ्रा किंवा मऊ सुती साडीचा तुकडा उत्तम, हवाही खेळते. रबरी ब्लोअर एक. तिथले प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे, आपले बसत नाहीत, दोन अॅडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या. कॅम्पमध्ये वीज ठराविक तासच असते, म्हणून गाडीत चार्जिंग होतं का ते विचारा. बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी, त्याआधी कार्ड फॉरमॅट नाही. ड्रोन परवानगीशिवाय नेता येत नाही, घरीच राहू दे. मुंबईहून निघताना कस्टम्सच्या टेबलावर बॉडी-लेन्सचे नंबर नोंदवून दाखला घ्या, परतताना ‘हे तिकडून आणलं का’ हा वाद टळतो. यलो फीव्हरची लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घेतलेली हवी, नाहीतर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मसाई लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

आणि तुमच्या बायकोचा प्रश्न. त्यांना दुर्बीण घेऊन द्या, ८x४२ ची, चांगल्या कंपनीची, भाड्याची नाही. महिनाभर आधी घेतलीत तर इथल्या तळ्यावर सवय होईल. तुम्ही कॅमेऱ्याच्या छोट्या चौकटीत अडकलेले असताना उरलेल्या तीन बाजूंचं मैदान त्यांच्या नजरेत असेल, आणि गवतातला कान किंवा झाडावरची शेपूट तुमच्या आधी त्यांनाच दिसेल. त्यांना पुढच्या सीटवर, गाइडशेजारी बसवा. दोघांच्या गप्पा जमल्या तर गाडी कुठे थांबायची हे तेच दोघं ठरवतील, आणि तुमच्या फोटोंचं त्यात नुकसान नाही.